शहराचं पाणी ज्या शेतांखाली आहे: क्लेचे

स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना. तिच्या उत्तर टोकाला क्लेचे नावाचा भाग आहे. कागदोपत्री तो शहराचा भाग झाला, तरी तिथे गेल्यावर गावच भेटतं: रस्त्याकडेला जुनी शेतघरं, गोठे, आणि त्यांच्या मागे सावा नदीच्या दिशेने पसरलेली शेतं. शेजारची बरीच गावं शहराने गिळली, त्यांच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या. क्लेचेची शेतं मात्र टिकली. त्याचं कारण या शेतांच्या पोटात आहे.

या सपाटीला स्लोव्हेन भाषेत ‘ल्युब्लियान्स्को पोल्ये’ म्हणतात. ‘पोल्ये’ म्हणजे मैदानही आणि शेतही. हे मैदान सावाने घडवलं. हिमयुगात आल्प्समधल्या हिमनद्या डोंगर खरवडत होत्या, आणि चुनखडीचे, डोलोमाइटचे गोटे वाहून आणून सावा ते इथे टाकत होती. खालची जमीन हळूहळू खचत होती, त्यामुळे थरावर थर बसत गेले. काही ठिकाणी ही खडी सुमारे १०० मीटर जाड आहे. पाण्यात विरघळलेल्या चुन्याने मधले काही थर सिमेंटसारखे घट्टही झाले आहेत. सर्वांत तळाशी, पाणी सहज झिरपू न देणारा जुना खडक. थोडक्यात, खडीने भरलेलं एक प्रचंड टाकं! पाऊस आणि सावा मिळून ते सतत भरत असतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने ही जमीन अवघड. वर मातीचा थर पातळ, त्याखाली गोटे, म्हणून पडलेला पाऊस लगेच खाली निघून जातो. भूजलाची पातळी बऱ्याच ठिकाणी वीस मीटरहून खोल. म्हणजे पायाखाली अमाप पाणी, पण ते वर काढायचं तर हातभर दोर पुरायचा नाही.

शहराची अडचण वेगळी होती. १८८० च्या दशकात ल्युब्लियानाची वस्ती तीस हजारांच्या आसपास होती आणि लोक उथळ विहिरींवर अवलंबून होते. त्यांत घरांचं सांडपाणी मुरत असे. दक्षिणेला बार्ये नावाची विस्तीर्ण दलदल आहे. मग नजर वळली ती उत्तरेकडच्या खडीच्या मैदानाकडे.

जलवाहिनीची योजना ओस्कर स्म्रेकर या अभियंत्याची. या माणसाबद्दल मला विशेष आदर वाटतो, कारण तो नुसता नळ टाकणारा नव्हता. वाळूतून पाणी किती वेगाने वाहतं याचा नियम फ्रान्सच्या हेन्री दार्सीने १८५६ मध्ये मांडला होता: पाण्याच्या पातळीतला उतार दुप्पट झाला की वेगही दुप्पट. जमिनीतलं पाणी प्रत्यक्षात इतकं सरळ वागत नाही, असं स्म्रेकरचं म्हणणं होतं आणि त्याने स्वतःचं सूत्र मांडलं. विहिरीतून पाणी उपसताना तिच्या अगदी जवळ प्रवाहाचा वेग फार वाढतो, तिथे दार्सीचा नियम खरोखरच लंगडा पडतो. क्लेचेसारख्या भरड खडीत हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही.

१८९० मध्ये क्लेचेच्या विहिरींचं पाणी शहरात पोहोचलं. वाफेच्या इंजिनांनी ते उपसलं जाई. पाचच वर्षांनी, १४ एप्रिल १८९५ च्या रात्री, ईस्टरच्या दिवशी, मोठ्या भूकंपाने ल्युब्लियाना हादरलं. त्यानंतर शहर नव्याने आखलं गेलं आणि पसरू लागलं. १९१४ मध्ये स्पोद्न्या शिश्का, १९३५ मध्ये विच आणि मोस्ते शहरात आली. क्लेचेची पाळी त्यांच्या बरीच नंतर आली.

तोवर ते शहराचं सर्वांत जुनं आणि महत्त्वाचं जलकेंद्र होऊन बसलं होतं. आजही बहुतेक वेळा इथलं पाणी फारशी प्रक्रिया न करता थेट नळाला येतं, कारण गाळण्याचं काम खडी आणि वरची माती करते. पण जी खडी पाणी पटकन आत घेते, ती घाणही पटकन आत घेते. म्हणून विहिरींभोवती संरक्षणाचे पट्टे आखले आहेत. विहिरीच्या जितकं जवळ, तितकी बांधकामावर, खतांवर, फवारणीवर बंधनं कडक. शेतं राहिली ती या बंधनांमुळेही. त्याची किंमत शेतकरी मोजतो, हे नळ सोडताना कोणाच्या लक्षात येत असेल?

मक्यात वापरलं जाणारं ॲट्राझिन हे तणनाशक बंद झाल्यावरही त्याचे अंश या भूजलात वर्षानुवर्षं सापडत राहिले. वापर थांबला तरी मातीत मुरलेला साठा सावकाश खाली झिरपत राहतो.

नोव्हेंबर २०१६ मध्ये स्लोव्हेनियाने पिण्याच्या पाण्याचा हक्क थेट राज्यघटनेत लिहिला. त्याच काळात ‘सी-झिरो’ नावाच्या मोठ्या सांडपाणी वाहिनीचा वादही तापत गेला. या वाहिनीचा मार्ग नेमका याच संरक्षित मैदानातून आखलेला. नगरपालिकेचं म्हणणं, तिच्यामुळे गावोगावच्या गळक्या शोषखड्ड्यांची घाण थांबेल. विरोधकांचं म्हणणं, एक सांधा जरी फुटला तरी सांडपाणी सरळ पिण्याच्या पाण्यात उतरेल. मला विरोधकांची भीती रास्त वाटते. पाइप कितीही चांगला असला तरी त्याचं आयुष्य दशकांत मोजतात, आणि हा भाग भूकंपाचा आहे. वाटेतल्या काही जमीनमालकांनी जमीन द्यायला नकार दिला आणि प्रकरण वर्षानुवर्षं न्यायालयांत फिरत राहिलं.