फ्लुरोसन्स इमेजिंगमधलं बॅकग्राउंड आणि ते कमी करायच्या पद्धती

फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपीत, म्हणजे एका रंगाचा उजेड घेऊन दुसऱ्या रंगात चमकणारा डाय वापरून बघताना, ज्या गोष्टीला डाय लावलाय तेवढीच चमकावी आणि बाकी सगळं काळं दिसावं अशी अपेक्षा असते, पण प्रत्यक्षात पेशी, मीडियम, लेन्सचं तेल, नको तिथे चिकटलेली अँटीबॉडी (ठरावीक प्रोटीनला चिकटणारा रेणू, डाय बहुतेकदा त्यालाच जोडतात) असं सगळंच थोडंफार उजळतं आणि या फालतू उजेडाला बॅकग्राउंड म्हणतात. ते कमी करायचे उपाय तीन ठिकाणी होतात, सॅम्पल तयार करताना, मायक्रोस्कोपमध्ये आणि नंतर कॉम्प्युटरवर, आणि यातल्या पहिल्या दोनांना खरी किंमत आहे.

हा त्रास तंत्राइतकाच जुना. १९४१ मध्ये अल्बर्ट कून्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँटीबॉडीला चमकणारा रेणू जोडला तेव्हा तो अँथ्रासीनचा होता, निळा चमकायचा, आणि टिश्यूची स्वतःची चमकही निळसरच, मग यातलं खरं कुठलं ते ओळखणं अवघड व्हायला लागलं, म्हणून पुढे ते हिरव्या फ्लुरोसीनकडे वळले. रंग बदलून बॅकग्राउंडला चुकवायचं ही युक्ती आजही पहिली करून बघतात.

टिश्यूच्या या स्वतःच्या चमकेला ऑटोफ्लुरोसन्स म्हणतात. पेशीतलं एनएडीएच (ऊर्जेच्या कामातला एक रेणू) साधारण ३४० नॅनोमीटरचा उजेड घेऊन ४६० च्या आसपास निळं चमकतं, फ्लेविन ४५० चा उजेड घेऊन हिरवं, कोलॅजन आणि इलॅस्टिन निळं-हिरवं, आणि झाडाच्या पानातलं क्लोरोफिल ६८० च्या आसपास लालभडक. सगळ्यात फसवं लिपोफ्युसिन, म्हाताऱ्या मेंदूच्या आणि हृदयाच्या पेशींत त्याचे बारीक दाणे साठतात आणि ते जवळपास प्रत्येक चॅनलमध्ये (म्हणजे रंगात) चमकतात, त्यामुळे खरं स्टेनिंग झालंय असं वाटतं. एकच दाणा हिरव्यात आणि लालमध्ये अगदी त्याच जागी दिसला तर आधी लिपोफ्युसिनचा संशय घ्यावा. जिवंत उंदराचं इमेजिंग करताना तर खाण्यापर्यंत जावं लागतं, नेहमीच्या खाद्यात अल्फाल्फा म्हणजे आपला लसूणघास असतो, त्यातलं क्लोरोफिल आतड्यात लाल चमकतं, म्हणून लसूणघास नसलेलं खाद्य काही दिवस आधीपासून सुरू करतात.

फिक्सेशननेही (टिश्यू सडू नये म्हणून तो रसायनाने पक्का करणं) बॅकग्राउंड वाढतं, ग्लुटरअल्डिहाइडने फॉर्मल्डिहाइडपेक्षा बरंच जास्त. उरलेले मोकळे अल्डिहाइड गट ग्लायसीन किंवा अमोनियम क्लोराइडने बंद करतात आणि फिक्सेशनमुळे आलेली चमक कमी करायला सोडियम बोरोहायड्राइड वापरतात. लिपोफ्युसिनवर ७० टक्के अल्कोहोलमधलं सुदान ब्लॅक बी चांगलं चालतं, पण त्यानंतर डिटर्जंट लावला तर ते धुऊन जातं आणि लांबच्या लाल चॅनलमध्ये ते स्वतःच थोडं चमकतं, तेव्हा चॅनल बघूनच वापरायचं. स्टेनिंगआधी सेक्शन (टिश्यूचा पातळ काप) तासन् तास तीव्र एलईडीखाली ठेवून ऑटोफ्लुरोसन्स जाळून टाकणं हाही एक साधा, स्वस्त आणि माझ्या मते उगाच दुर्लक्षित उपाय आहे.

अँटीबॉडीचं बॅकग्राउंड वेगळं. प्रायमरी अँटीबॉडी हव्या त्या प्रोटीनला चिकटते आणि डाय लावलेली सेकंडरी त्या प्रायमरीला. सेकंडरी शेळीत तयार केलेली असेल तर ब्लॉकिंगला, म्हणजे नको त्या जागा आधीच झाकायला, गोट सीरम घ्यायचं, प्रायमरी योग्य प्रमाणात पातळ करायची आणि ट्वीन (डिटर्जंट) घातलेल्या पीबीएसने (मिठाचं बफर द्रावण) नीट धुवायचं. उंदराच्या टिश्यूवर उंदराचीच प्रायमरी वापरली की सेकंडरी टिश्यूतल्या मूळ अँटीबॉडीलाही जाऊन चिकटते, तिथे वेगळं ब्लॉकिंग लागतं. जिवंत पेशी बघायच्या तर फिनॉल रेड हा रंग नसलेलं मीडियम घ्यावं, मीडियममधलं रायबोफ्लेविनसुद्धा हिरवं चमकतं.

आपल्याकडे हे सगळ्यात जास्त वापरात दिसतं ते टीबीच्या थुंकीच्या तपासणीत. स्मिअरवर (काचेवर पसरलेल्या थुंकीवर) ऑरामीन हा चमकणारा डाय टाकतात, मग ॲसिड अल्कोहोलने बाकीच्या गोष्टींचा रंग उतरवतात आणि शेवटी पोटॅशियम परमँगनेट अगदी थोडा वेळ, साधारण मिनिटभर. या परमँगनेटनेच म्युकस आणि पेशींची चमक दबते आणि काळ्यावर पिवळे जंतू उठून दिसतात, पण ते जास्त वेळ राहिलं तर जंतूही मंद होतात. जंतू इतके स्पष्ट दिसतात म्हणूनच झील-नीलसन या साध्या उजेडात बघायच्या स्टेनसारखं १००० पट मोठं न करता २०० ते ४०० पटीवर स्लाइड बघता येते आणि तेवढ्याच वेळात बराच जास्त भाग तपासून होतो.

मायक्रोस्कोपमध्ये पहिलं काम फिल्टरचं. त्यापुढे फोकसबाहेरचा उजेड पिनहोलने अडवणारं कॉन्फोकल (मार्विन मिन्स्की यांनी पेटंटचा अर्ज १९५७ मध्ये केला), १९९० मधलं, फक्त फोकसमध्येच डाय उजळवणारं टू-फोटॉन, काचेलगतचा १००-२०० नॅनोमीटरचा थरच उजळणारं टर्फ, आणि बाजूने उजेडाचा पातळ पडदा टाकणारं लाइट-शीट. एक मात्र लक्षात ठेवायचं, कॉन्फोकल फोकसमधलं ऑटोफ्लुरोसन्स काढत नाही. एकेक रेणू बघताना तर पाण्याचं रामन स्कॅटरिंगही (पाण्यावर विखुरताना रंग बदलणारा उजेड) नडतं, सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेला तोच परिणाम, ४८८ च्या लेझरने पाण्याचा पट्टा ५८५ च्या आसपास येतो म्हणजे नेमका नारंगी डायच्या जागी. युरोपियमसारखे डाय मायक्रोसेकंदांच्याही पुढे चमकत राहतात, ऑटोफ्लुरोसन्स काही नॅनोसेकंदांत विझतं, म्हणून जरा थांबून मोजलं तर फक्त डायच दिसतो.

आता कॉम्प्युटर. इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये बॅकग्राउंड वजा करणारी रोलिंग बॉल ही पद्धत लावली की बॅकग्राउंड गेल्यासारखं वाटतं, पण सरासरी वजा होते, नॉइज (मोजणीतली आपोआपची चढउतार) तसाच राहतो. समजा एका पिक्सेलवर सिग्नलचे १०० फोटॉन आणि बॅकग्राउंडचे ८००, एकूण ९००, त्याचा नॉइज वर्गमुळाइतका म्हणजे ३०, मग ८०० वजा केले तरी हातात १०० अधिक-उणे ३० च उरतात. तेच सॅम्पल नीट तयार करून बॅकग्राउंड ९६ वर आणलं तर एकूण १९६, नॉइज १४, म्हणजे तोच सिग्नल दुपटीहून जास्त स्पष्ट. हा फरक सॉफ्टवेअर मागाहून भरून देऊ शकत नाही.

किती वजा करायचं हे ठरवायला न रंगवलेला सेक्शन त्याच एक्स्पोजरवर घ्यावाच लागतो. फक्त सेकंडरी लावलेल्या कंट्रोलवरून सेकंडरी किती चिकटते एवढंच कळतं, प्रायमरी चुकीच्या प्रोटीनला चिकटतेय का ते कळत नाही, त्याला ते प्रोटीनच नसलेला नॉकआउट टिश्यू लागतो.