चापभार (पिस्तुलाचा)

पिस्तुलाचा चाप मागे ओढून गोळी सुटेपर्यंत बोटाला जे कमाल बल लावावे लागते, त्यास चापभार म्हणतात. नेमबाजांच्या बोलण्यात त्यासाठी ‘ट्रिगर पुल’ किंवा ‘ट्रिगर वेट’ हे शब्द रूढ आहेत. मराठीत ‘घोडा दाबला’ म्हणताना चाप अभिप्रेत असतो आणि ‘घोडा चढवला’ म्हणताना मागील आघात करणारा भाग. प्रस्तुत नोंदीत घोडा हा शब्द केवळ दुसऱ्या अर्थाने योजला आहे. ‘चाप’ या शब्दाचे मूळ धनुष्यवाचक संस्कृत शब्दात शोधता येते, तसेच केसांच्या चापासारख्या आवळून धरणाऱ्या कमानीतही. यांपैकी दुसरा अर्थ बंदुकीच्या यंत्रणेला अधिक जवळचा वाटतो.

ओढ जड होण्याचे मुख्य कारण म्हणजे चापाकडे सोपवलेले काम. घोडा आधीच चढवलेला असेल, तर चापाने त्याला अडवून धरणारा खटका तेवढा सोडवायचा असतो. या एकेरी क्रियेत भार साधारणपणे दोन ते अडीच किलोग्रॅम असतो. दुहेरी क्रियेत मात्र चापाच्या त्याच ओढीने स्प्रिंग दाबून घोडा चढवायचा आणि सोडायचाही असतो. तेव्हा भार साडेचार-पाच किलोग्रॅमपर्यंत जातो आणि बोटाचा प्रवासही लांबतो. रशियाचे १८९५ चे नागां रिव्हॉल्व्हर हे याचे टोकाचे उदाहरण होय. वायू निसटू नये म्हणून त्यात काडतुसांचे चक्रच पुढे सरकवून नळीला भिडवले जाते आणि ते कामही चापावरच पडत असल्याने त्याची दुहेरी ओढ अत्यंत जड झाली आहे.

दुहेरी क्रियेच्या उगमाबाबत संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. रिव्हॉल्व्हरपुरते पाहता, रॉबर्ट ॲडम्सच्या १८५१ च्या इंग्लिश रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा केवळ चापानेच चढत असे. अंगठ्याने तो चढवण्याची सोय नव्हती. फ्रेडरिक बोमाँट या अधिकाऱ्याच्या १८५६ च्या एकस्वानंतर दोन्ही रीती एका शस्त्रात आल्या आणि हे बोमाँट-ॲडम्स रिव्हॉल्व्हर १८५७ च्या उठावात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाती होते. अर्धस्वयंचलित, म्हणजे गोळी सुटल्यावर पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या, पिस्तुलात ही रचना प्रथम आणण्याचा मान अनेक लेखक जर्मनीच्या वाल्थर पीपी (१९२९) या पिस्तुलाला देतात. तथापि आलोइस टोमिश्का या चेक कारागिराच्या ‘लिटल टॉम’ या छोट्या पिस्तुलाची रचना सुमारे १९०८ ची मानली जाते. हा आधार ग्राह्य धरल्यास वाल्थरचे श्रेय रचना शोधण्याचे नसून ती रूढ करण्याचे ठरते, आणि हे मत अधिक सयुक्तिक दिसते. १९३८ च्या वाल्थर पी-३८ मुळे ती लष्करी वापरात स्थिरावली.

भार मुद्दाम वाढवल्याचीही उदाहरणे आहेत. ग्लॉक पिस्तुलाचा नेहमीचा भार सुमारे अडीच किलोग्रॅम असताना न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी तो सुमारे १२ पाउंड, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलोग्रॅम ठेवला. रिव्हॉल्व्हरला सरावलेल्या हातांकडून चुकून गोळी सुटू नये, हा त्यामागील विचार होता. २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट इमारतीसमोर पोलिसांच्या गोळ्यांनी व त्यांच्या तुकड्यांनी नऊ वाटसरू जखमी झाले, तेव्हा जड चापाने नेम ढळतो या आक्षेपामुळे या धोरणावर पुन्हा चर्चा झाली. जड चाप हीच सुरक्षा, असे एक मत आहे. दचकल्याने, तोल गेल्याने किंवा दुसरा हात आवळल्याने बोट नकळत आकसते आणि अशा वेळी जड चापही पुरेसा ठरेलच असे नाही, असे दुसरे मत आहे. नेम धरेपर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर ठेवण्याची शिस्त दुसऱ्या मताला अनुसरते.

जड चापाने नेम का चुकतो, हे वजनांच्या तुलनेतून कळते. रिकामे पिस्तूल पाऊण ते एक किलोग्रॅमचे असते आणि त्यावर बोट त्याच्या पाच-सहापट बल लावते. ते बल किंचितही तिरके पडले, तर नळी बाजूला वळते. म्हणून सरावाचा भर ताकदीपेक्षा सरळ ओढीवर असतो. शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून ‘ड्राय’ सराव केला जातो. नळीच्या टोकावरील माशीवर (नेम धरण्याच्या उंचवट्यावर) ठेवलेले नाणे घोडा पडल्यावरही न हलणे, ही त्याची जुनी कसोटी आहे. हलक्या चापावर बोटाच्या पहिल्या पेराचा मांसल भाग पुरतो. लांब, जड ओढीसाठी अनेकजण बोट पहिल्या सांध्यापर्यंत आत घेतात. ओढ मध्येच न थांबवता एकसारखी चालू ठेवणे, मूठ आधीच घट्ट धरणे आणि ओढताना बाकीची बोटे न आवळणे, या तीन गोष्टी साधल्या की तोच चाप हलका भासू लागतो.

यंत्रणेतील सुधारणेत घासणारे पृष्ठभाग गुळगुळीत करणे आणि स्प्रिंग बदलणे हे दोन मार्ग येतात. पहिल्याने भार थोडाच उतरतो, पण ओढीतील खरखर जाते आणि नेमाला बहुधा तेच अधिक उपकारक ठरते. घोड्याची स्प्रिंग फार हलकी केल्यास काडतुसाची टोपी पेटत नाही. खटक्याची पकड कमी झाल्यास घोडा आपोआप सुटू शकतो. ब्राउनिंग हाय-पॉवर या पिस्तुलात मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढल्यावर गोळी सुटू न देणारी कळ मॅगझिनवर घासत असल्याने ओढ जड व खरखरीत होते. इशापूरच्या रायफल कारखान्यातील ९ मिमी पिस्तूल याच घडणीचे आहे. भारतात शस्त्रांची दुरुस्ती व फेरफार यांचा व्यवसाय शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याविना करता येत नाही.

क्रीडा नेमबाजीत प्रश्न उलटा असतो, कारण तेथे किमान भार ठरवून दिलेला आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १० मीटर एअर पिस्तुलासाठी तो ५०० ग्रॅम आणि २५ मीटर पिस्तुलासाठी १,००० ग्रॅम आहे. ५० मीटर पिस्तुलाला मर्यादा नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता-पालेमबांग आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, ते या १,००० ग्रॅमच्या नियमाखालीच. तपासणीत नळी उभी धरून चापाच्या मध्याजवळ वजन अडकवतात आणि ते सपाट पृष्ठभागावरून उचलतात. घोडा न सुटता वजन उचलले गेले, तर पिस्तूल ग्राह्य धरले जाते.