‘तेल तापतंय? टाकी मोठी करा!’

रबाळे-महापेच्या एमआयडीसीत हायड्रॉलिक पॉवर पॅक (दाबाच्या तेलावर यंत्रं चालवणारा मोटर, पंप आणि तेलटाकीचा संच) बनवणाऱ्या कुणालाही विचारा, टाकी किती लिटरची? उत्तर ठरलेलं: पंपाच्या मिनिटाच्या डिस्चार्जच्या (तो मिनिटाला ढकलतो त्या तेलाच्या) तिप्पट. तेल तापलं, तर आणखी मोठी. पहिलं अंदाज म्हणून चालून जातं. दुसरं मात्र चूक.

हिशेब करून बघा. पंप मिनिटाला ४० लिटरचा, टाकी १२० लिटरची. १५० बार दाबाला सगळं तेल रिलीफ व्हॉल्व्हवरून (दाब मर्यादेबाहेर गेला की उघडणाऱ्या झडपेवरून) टाकीत परतत असेल, तर १० किलोवॅट उष्णता तेलातच मुरते. ३५ अंशांचं तेल आठेक मिनिटांत ६० वर. टाकी दुप्पट केलीत, तर सोळा-सतरा मिनिटं लागतील, एवढंच. उष्णता बाहेर टाकतो तो टाकीचा पत्रा, आणि १२० लिटरच्या टाकीचा पत्रा जेमतेम अर्धा किलोवॅट टाकतो. (ठाण्याच्या मे महिन्यात तर तेवढाही नाही.) इलाज म्हणजे कूलर, किंवा काम नसताना पंप अनलोड करणं, म्हणजे तेल दाबाविना टाकीत परत सोडणं.

माप ठरवताना सिलिंडर आधी बघा. २०० मिमी बोअर (आतला व्यास), १४० मिमी रॉड, १ मीटर स्ट्रोक: रॉड पूर्ण बाहेर आला की त्याची जागा भरायला टाकीतलं १५ लिटर तेल कमी होतं. तेव्हाही सक्शन स्ट्रेनर (पंप तेल ओढतो त्या तोंडाची जाळी) बुडालेलाच हवा. रिटर्न (तेल परत येतं ती बाजू) आणि सक्शनमध्ये बॅफलही (मधला आडोशाचा पत्रा) हवा, नाहीतर मोठ्या टाकीतही तेच गरम, फेसाळलेलं तेल फिरत राहतं.

घोडबंदर रोडवर खणणारा २० टनी एक्स्कॅव्हेटर घ्या. त्याच्या पंपांचा एका मिनिटाचा डिस्चार्जही त्याच्या टाकीत मावणार नाही. तरी तो दिवसभर खणतो, कूलरच्या जिवावर.