अनामत आणि भंगार: रिकाम्या बाटलीचे दोन वेगळे पैसे

कोल्हापुरात ‘गुजरी’ म्हटलं की सोन्याचांदीची पेठ. निपाणी ओलांडून बेळगावकडे आलं की तोच शब्द कन्नड पाटीवर भंगाराच्या दुकानावर भेटतो. शब्द एक, बाजार दोन. ‘बाटली परत देऊन पैसे आणले’ या वाक्याचंही तसंच आहे. सुट्टीत पोरं दोन पोती भरून रिकाम्या बाटल्या जमवतात, कुणीतरी सांगितलेलं असतं की परत दिल्या की पैसे मिळतात, आणि दुकानात गेल्यावर हातात अपेक्षेच्या निम्मेही पडत नाहीत. फसवणूक झाली असं वाटतं. बहुतेक वेळा तशी झालेली नसते. एका बाजाराचा माल दुसऱ्या बाजारात नेलेला असतो.

अनामत म्हणजे तुमचेच पैसे. थंड पेय विकत घेताना आतल्या पेयाची किंमत वेगळी आणि बाटलीपोटी ठेवून घेतलेली रक्कम वेगळी. बाटली धड परत गेली की ती रक्कम परत. ती नगावर मोजतात, भाव चढला-उतरला तरी बदलत नाही, आणि ज्यानं घेतली त्यानंच द्यायची. भंगाराचा पैसा म्हणजे मालाची किंमत. तो वजनावर, त्या दिवसाच्या दरानं, आणि कुठल्याही भंगारवाल्याकडे मिळतो. बाटली कुठं घेतली, कुणी प्यायली, पावती आहे का, हे तो विचारत नाही. सोडावाला मात्र हेच विचारतो.

आपल्या भागात अनामत भेटते ती मुख्यतः तीन ठिकाणी. बारशाला, साखरपुड्याला किंवा गणपतीत काचेच्या थंड पेयांचं कॅरेट आणतात तिथं. गोटी सोड्याच्या गाडीवर. आणि सगळ्यात नेमानं, घरी येणाऱ्या 20 लिटरच्या पाण्याच्या जारवर. जारची अनामत पहिल्यांदा एकदाच घेतात. नंतर रिकामा जार द्यायचा, भरलेला घ्यायचा, फक्त पाण्याचे पैसे. त्यामुळे ती रक्कम लोक विसरूनच जातात आणि घर बदलताना जार तिथंच टाकून निघतात. पहिल्या दिवशीची पावती, नाहीतर वहीतल्या नोंदीचा फोटो, मोबाईलमध्ये ठेवा. ‘अण्णा, डिपॉझिट द्या की’ म्हटल्यावर अण्णाही वहीच उघडतात.

काचेची बाटली अनामतीची आहे की एकदाच वापरायची, हे मुलांना बोटानं शिकवता येतं. पुन्हापुन्हा भरली जाणारी बाटली जाड असते. तिच्या खांद्याजवळ आणि बुडाजवळ एक पांढुरकी, खरखरीत पट्टी दिसते. कॅरेटमध्ये आणि कारखान्याच्या पट्ट्यावर बाटलीला बाटली घासून ती पडते. पट्टी जितकी रुंद, तितक्या तिच्या फेऱ्या जास्त. एकदाच वापरायच्या बाटलीची काच गुळगुळीत लागते. एवढं एक कळलं की सात-आठ वर्षांचं पोरही ढीग बिनचूक वेगळा करतं.

अनामत नाकारली जाते ती बहुतेक बाटलीच्या तोंडापायी. बिल्ला ओपनरऐवजी दाराच्या कडीवर किंवा दातानं काढला की ओठाचा टवका उडतो. भरताना यंत्र बाटलीच्या तोंडावर रबर दाबून बसवतं. टवका असेल तिथून गॅस सुटतो, आणि उरलेली काच दाबाखाली फुटू शकते. मग दुकानदारानं अशी बाटली घेतली तरी कंपनीची गाडी ती उचलत नाही, तोटा त्याच्या बोकांडी बसतो. दुसरं कारण म्हणजे वास. परत आलेल्या बाटल्या गरम पाण्यात कॉस्टिक सोड्यानं धुतात. त्यात साखर, बुरशी, माती जाते. रॉकेल, डिझेल किंवा रंगाचा वास जात नाही. जारचंही तेच. त्यात एकदा फिनेल भरलं की तो पाण्याच्या कामाचा राहत नाही. घरी नीट करायची गोष्ट एकच: प्यायल्यावर लगेच साध्या पाण्यानं विसळून उलटी ठेवायची. साबण नको. आत नळी, बडीशेपेचं पाकीट किंवा सिगारेटचं थोटूक टाकायचं नाही. धुलाई यंत्राचा फवारा ते बाहेर काढेलच असं नाही.

कॅरेट आणलं असेल तर त्याची अनामत वेगळी असते, हे विसरतं. 24 बाटल्यांच्या कॅरेटमधून 23 परत आल्या तर एका बाटलीचे पैसे कापायचे, कॅरेटचे नाहीत. हिशेब करताना दोन्ही रकमा कागदावर वेगळ्या लिहून घ्या, नाहीतर शेवटी तोंडी गोंधळ होतो. जीएसटीच्या कायद्यातही अनामत ही मालाची किंमत धरत नाहीत. विक्रेत्यानं ती किमतीत वळती करून घेतली तरच ती किंमत होते. म्हणून बिल असेल तर ती ओळ वेगळी दिसली पाहिजे.

गोटी सोड्याची बाटली मात्र शक्यतो तिथंच रिकामी करावी. ती घडणच वेगळी आहे: गळ्यात काचेची गोटी, तोंडाच्या आत रबराची कडी, आणि गॅसच्या दाबानं गोटी त्या कडीला चिकटून बसते. हायरम कॉड या इंग्रजानं 1872 मध्ये याचं पेटंट घेतलं. आज गोटीसाठी बाटली फोडणारं पोर दिसलं की सोडावाला ओरडतो ते बरोबरच आहे. गोटी गेली की सोड्याच्या दृष्टीनं ती बाटली मेली. मग ती काचेच्या भंगारात जाते, आणि काचेला किलोचा भाव अगदीच किरकोळ.

आता भंगार. इथं गणित उलटं चालतं. एक लिटर पाण्याची पेट (म्हणजे नेहमीच्या पातळ प्लास्टिकची) बाटली साधारण 20 ते 25 ग्रॅमची, म्हणजे किलोला चाळीस-पन्नास बाटल्या. समजा पेटचा दर 20 रुपये किलो आहे. मग एका बाटलीचे 40 ते 50 पैसे झाले. पोरांनी 80 बाटल्या आणल्या आणि डोक्यात ‘बाटलीला एक रुपया’ असेल, तर 80 ऐवजी 40 रुपये किंवा त्याहूनही कमी हातात पडतात आणि तोंड उतरतं. निघण्याआधी घरी हे गणित करून घ्या. काट्यावर बाटल्या मोजून उपयोग नाही, हे आधी कळलेलं बरं. ॲल्युमिनियमचा कॅन 13 ते 15 ग्रॅमचा, किलोला सत्तरच्या आसपास, पण ॲल्युमिनियमचा दर पेटपेक्षा बराच वरचा असतो. म्हणून कॅन बाटल्यांत मिसळून तोलू नयेत. मिसळले की सगळ्यांना खालचा दर लागतो. डबा पत्र्याचा आहे की ॲल्युमिनियमचा ते फ्रिजवरच्या चुंबकानं कळतं: चिकटला तर पत्रा. कॅनची चावी, म्हणजे ओढून उघडायची कडी, वेगळी काढून जमवण्याचं खूळ मुलांत असतं; चावीही ॲल्युमिनियमचीच, कॅनवरच राहू द्या.

वजनात घोळ होतो तो पाण्यानं आणि पोत्यानं. बाटलीत चूळभर पाणी राहिलं तरी ते बाटलीच्या वजनाइतकं भरतं. भंगारवाल्याला हे माहीत असतं, म्हणून ओल्या मालावर तो अंदाजानं घट धरतो, आणि तो अंदाज तुमच्या बाजूनं झुकत नाही. माल कोरडा करून न्या. काटा शून्यावर आहे का पाहा, रिकाम्या पोत्याचं वजन वेगळं करून घ्या, आणि दर तोलायच्या आधी विचारा. रंगहीन बाटल्या एकीकडे, हिरव्या-तपकिरी दुसरीकडे. रंगीत पेटचा पुढं उपयोग मर्यादित, म्हणून दर कमी.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे चेपणं. भंगाराला न्यायची बाटली चेपलेलीच बरी, पोत्यात तिप्पट मावते. अनामतीची वस्तू चेपली की संपलं. ज्या देशांत यंत्रात बाटली घालून पैसे मिळतात तिथं यंत्र बाटलीचा आकार आणि लेबलवरचा बारकोड वाचतं. चुरगळलेली, लेबल फाटलेली बाटली ते परत बाहेर ढकलतं. इथं भंगाराची सवय लागलेली पोरं उन्हाळ्यात जर्मनीतल्या मावशीकडे गेली की पहिल्याच दिवशी कॅनवर पाय देतात, आणि 25 सेंट गेले. चेपायचीच असेल तर टोपण काढून चेपा. टोपण घट्ट असताना पाय दिला तर आतल्या हवेनं ते गोळीसारखं उडतं आणि डोळ्याला लागू शकतं.

टोपणाचा एक खेळ मुलांना नक्की दाखवा. बाटलीचा एक तुकडा आणि टोपणाचा एक तुकडा बादलीभर पाण्यात टाका. बाटलीचा बुडतो, टोपणाचा तरंगतो. पेटची घनता पाण्यापेक्षा जास्त, सुमारे 1.38, टोपण दुसऱ्याच प्लास्टिकचं, पाण्यापेक्षा हलकं. कारखान्यात बाटल्यांचा चुरा करून पाण्याच्या हौदात याच युक्तीनं दोन्ही वेगळे करतात. म्हणूनच बरेच भंगारवाले टोपणासकट माल घेतात.

दोन्हींच्या मध्ये पडणारी एक वस्तू आहे, आणि सगळा गोंधळ तिच्यामुळे वाढतो: बियरची बाटली. भंगारवाला ती वजनावर न घेता नगावर घेतो. त्यामुळे लोकांना वाटतं ही अनामतच. तसं नाही. आपल्या भागात विकताना कुणी वेगळी रक्कम ठेवून घेतलेली नसते. धड बाटली पुन्हा भरता येते म्हणून तिला वापरलेल्या वस्तूचा भाव मिळतो. मागणी घटली की तो भाव पडतो किंवा बाटलीच नको म्हणतात, आणि त्यावर हक्क सांगता येत नाही. अनामतीवर सांगता येतो. हे काम मुलांच्या हातून करून घेऊ नये, हे वेगळं सांगायला नको.

छापलेल्या ओळीही फसवतात. महाराष्ट्रानं 2018 च्या प्लास्टिकबंदीत पेट बाटलीवर परतखरेदीची किंमत छापायची तरतूद आणली होती. कोल्हापूरकडून आलेल्या बाटलीवर तशी ओळ असली तरी कर्नाटकातल्या खानापूरच्या दुकानदारावर ती बंधनकारक नाही. तो वेगळ्या राज्याचा नियम. गोव्यानं 2024 मध्ये स्वतःची अनामत-परतावा योजना अधिसूचित केली, पण बेळगावात घेतलेली बाटली चोर्ला घाटातून खाली नेली म्हणून तिच्यावर अनामत उगवत नाही. जी भरलीच नाही ती परत कशी मिळणार? तमिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात 2022 पासून सरकारी दारू दुकानात बाटलीमागे 10 रुपये जादा घेऊन रिकामी बाटली आणली की परत देतात. केदारनाथच्या वाटेवर बाटलीला क्यूआर कोडचं लेबल लावून तेवढेच 10 रुपये ठेवून घ्यायची पद्धत सुरू झाली. दोन्हीकडे लेबल निघालं की पैसे गेले.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण मुद्दाम देण्यासारखं आहे, कारण तिथं नग आणि वजन एकाच काउंटरवर भेटतात. 24 औंसांपेक्षा, म्हणजे साधारण 710 मिलिलिटरपेक्षा लहान बाटलीवर 5 सेंट, तेवढ्या किंवा त्याहून मोठीवर 10. पुनर्वापर केंद्रावर वजनावर पैसे देतात. मात्र एका फेरीत प्रत्येक प्रकारच्या 50 वस्तूंपर्यंत ‘मोजून द्या’ असं सांगायचा ग्राहकाला हक्क आहे. मुलांना घेऊन गेलात तर ढीग पन्नासाच्या आत ठेवा आणि मोजूनच घ्या. ओली, लहान-मोठी मिसळलेली पिशवी तोलायला लावली की हिशेब मुलांच्या हाताबाहेर जातो. दुसऱ्या राज्यातून आणलेल्या बाटल्यांवर तिथं पैसे मागणं बेकायदा आहे.

कुठल्याही बाजारात न्या, मुलांच्या हातात काय द्यायचं ते आधी ठरवा. पेट बाटल्या, टोपणं, चुंबकाचं काम, वहीतली नोंद त्यांच्याकडे. काच आणि फाटलेले कॅन मोठ्यांकडे. कॅनची चिरलेली कड ब्लेडसारखी कापते. पायात बूट असू द्या, चप्पल नको. भंगाराच्या आवारात पोरांना काट्यापलीकडे, रचलेल्या ढिगाखाली जाऊ देऊ नका. गटारातलं, पावसात भिजलेलं उचलायचं नाही. उंदराच्या मुताचं पाणी जखमेतून आत गेलं की लेप्टोचा ताप येतो. गोड पेयाच्या तळाशी गांधीलमाशी बसलेली असते, म्हणून बाटली आधी दुरून हलवा.

आणि आपल्या ऊस-तंबाखूच्या पट्ट्यात एक सवय वाईट आहे. उरलेलं औषध, ॲसिड, फिनेल थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवतात. पोरांना सांगून ठेवा: वास घ्यायचा नाही, झाकण उघडायचं नाही, सरळ मोठ्यांना हाक मारायची. लेबलवर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असेल तर ती शेतीच्या औषधाची बाटली. पेयांच्या पोत्यात तिला जागा नाही.

ज्यूसचा पुठ्ठ्याचा डबा कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमच्या पातळ थरांचा असतो. त्याच्यावर अनामत नाही आणि बहुतेक भंगारवालेही तो घेत नाहीत. कापून, धुऊन, वाळवून घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात टाका.