नित्य ध्यानाचा नेम

रोज ठरावीक जागी बसून नाम, श्वास किंवा इष्टमूर्ती यांपैकी एकाच आलंबनावर (मनाला टेकायच्या आधारावर) चित्त ठेवण्याची साधना. ज्ञानेश्वरांचे आपेगाव, एकनाथांचे पैठण, जनाबाईंचे गंगाखेड, रामदासांचे जांब ही सारी मराठवाड्यातली गावे, त्यामुळे इथे ध्यान बहुधा नामजपाच्या वाटेने घरात येते. वारकऱ्यांत ‘रामकृष्णहरि’, समर्थ संप्रदायात ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा त्रयोदशाक्षरी मंत्र चालतो. ध्यानाच्या जागेचे व आसनाचे सविस्तर वर्णन ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आहे.

बैठकीसाठी घोंगडीची चौघडी पुरते. उन्हाळ्यात तीवर सुती पंचा टाकावा. कमरेखाली तीन-चार बोटे जाडीची जादा घडी घ्यावी. गुडघे कमरेपेक्षा वर राहिले की पाठीला पोक येतो आणि पायांना मुंग्या येतात. मांडी जमत नसेल तर खुर्चीवर, पाय जमिनीला टेकवून बसावे.

माळ १०८ मण्यांची. मणी मधल्या बोटावर अंगठ्याने ओढतात, तर्जनी लावत नाहीत; मेरुमणी (माळेच्या टोकाचा वेगळा मणी) न ओलांडता माळ उलटी फिरवतात. प्रत्येक उच्छ्वासाला एक नाम घेतल्यास एका माळेला साधारण आठ मिनिटे लागतात. पहिला महिनाभर एवढेच करावे. आधी ओठांतल्या ओठांत, मग मनातल्या मनात. मन भटकल्याचे ध्यानात येताच पुढचे नाम घ्यावे. भटकणे व परतणे हाच अभ्यास आहे.

नेम मोडतो तो बहुतेक अतिउत्साहाने. अखंड हरिनाम सप्ताहाच्या भारावलेपणात तासभर बसण्याचा संकल्प होतो आणि पेरणीची घाई सुरू होताच सुटतो. त्यापेक्षा एक माळ, पण रोज, हे फार मोलाचे. शेतीपंपांची वीज रात्री असेल तेव्हा पहाटेचा हट्ट धरू नये. जागरणानंतर बसल्यास डुलकीच लागते. अशा घरांत नेम घड्याळाला न बांधता ‘अंघोळीनंतर, चहाआधी’ असा बांधलेला टिकतो. चुकलेल्या दिवसाची भरपाई दुप्पट माळांनी करू नये, कारण मग जप उरकला जातो. जेवणानंतर दोन तास तरी बसू नये.

प्रगती डोळ्यांपुढे दिसणाऱ्या प्रकाशावरून किंवा अंगावरच्या रोमांचांवरून मोजू नये. राग आल्याचे लवकर कळू लागणे, बोलण्यातला ताठा उतरणे ही खरी खूण. बसल्यावर वारंवार धास्ती वाटत असेल किंवा झोप उडाली असेल, तर वेळ वाढवू नये. साधना थांबवून जाणत्या मार्गदर्शकाशी आणि डॉक्टरांशी बोलावे.