होमवर्ल्ड : डेझर्ट्स ऑफ खराक

होमवर्ल्ड ह्या अंतराळयुद्धाच्या संगणकीय खेळमालिकेची पूर्वकथा सांगणारा व्यूहनीतीचा खेळ. कॅनडातील व्हँकूव्हरच्या ब्लॅकबर्ड इंटरॲक्टिव्ह ह्या कंपनीने तो घडवला आणि गिअरबॉक्सने २० जानेवारी २०१६ रोजी विंडोजसाठी बाजारात आणला. मालिकेचा पहिला खेळ रेलिक एंटरटेनमेंटचा (१९९९). त्यामागून कॅटॅक्लिझम (२०००) व होमवर्ल्ड २ (२००३) आले. प्रस्तुत खेळाची कथा ह्या सर्वांच्या आधी घडते, आणि अंतराळात नव्हे तर जमिनीवर, वाळूत घडते.

कथाबीज : मूळ खेळाच्या प्रास्ताविकात मोजकी वाक्ये होती. शंभर वर्षांपूर्वी उपग्रहाला वाळवंटाखाली काहीतरी गवसले, शोधपथक गेले, पुरलेले अंतराळयान सापडले, त्यात एक शिळा होती, शिळेवर आकाशगंगेचा नकाशा व ‘हिगारा’ म्हणजे ‘आमचे घर’ हा शब्द कोरलेला होता. पूर्वकथेची तेरा प्रकरणे म्हणजे ह्याच वाक्यांचा विस्तार. खराक हा ग्रह कोरडा पडत चालला आहे. उत्तरेकडील कुळांच्या संघाने ‘कपिसी’ नावाचे प्रचंड भूवाहक, म्हणजे जमिनीवरून चालणारे युद्धतळ, दक्षिणेकडे धाडले आहे. त्यावर रेचल एस्जेट ही मुख्य शास्त्रज्ञ आहे, आणि तिचा भाऊ जेकब आधीच्या मोहिमेत हरवलेला आहे. वाटेत गाल्सिएन हे धर्मवेडे कुळ आडवे येते. खराकवरचे जीवन ही सजूक देवाने दिलेली शिक्षा आहे आणि ग्रह सोडण्याचा विचार हेच पाप, अशी त्यांची श्रद्धा.

मूळ खेळ खेळलेल्याला शेवट ठाऊक असतो. शिळा सापडणार, तिच्या आधारे महायान (हिगाराकडे नेणारे प्रचंड अंतराळयान) बांधले जाणार, आणि पहिल्या झेपेनंतर ते परतेल तेव्हा खराक जळत असणार. मूळ खेळातील त्या प्रसंगी अमेरिकन संगीतकार सॅम्युअल बार्बरच्या ‘अडाजिओ’चे समूहगान वाजते. त्यामुळे पूर्वकथेत जिंकणे म्हणजे पुढच्या विनाशाची पहिली पायरी चढणे. हा विरोधाभास खेळ कुठेही बोलून दाखवत नाही, आणि ते बरेच आहे. कथेतील एस्जेट कुळही योगायोगाने निवडलेले नाही : महायानाशी स्वतःला जोडून घेणारी करान एस्जेट त्याच कुळातली.

उगमाचा प्रश्न : हा खेळ मुळात होमवर्ल्डची पूर्वकथा म्हणूनच कल्पिला होता का, ह्याबाबत दोन मते मांडली जातात. ब्लॅकबर्डची स्थापना २००७ मध्ये झाली. संस्थापकांपैकी रॉब कनिंगहॅम हे मूळ होमवर्ल्डचे कलादिग्दर्शक होते. त्यांच्या चमूने आधी जाहीर केलेल्या प्रकल्पाचे नाव ‘हार्डवेअर’ व पुढे ‘हार्डवेअर : शिपब्रेकर्स’ होते. एका निर्जन वाळवंटी ग्रहावर पडलेल्या यानांचे सांगाडे फोडून माल काढायचा, ही त्याची कल्पना. होमवर्ल्डचे हक्क तेव्हा टीएचक्यू ह्या खेळ-प्रकाशन कंपनीकडे होते. ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि एप्रिल २०१३ च्या लिलावात गिअरबॉक्सने साडेतेरा लाख डॉलरला हक्क घेतले. त्याच वर्षी ‘हार्डवेअर’चे ‘होमवर्ल्ड : शिपब्रेकर्स’ झाले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये सध्याचे नाव जाहीर झाले. एका मतानुसार नाव वेगळे असले तरी आत्मा पहिल्यापासून होमवर्ल्डचाच होता. मंडळी तीच, वाळू तीच. दुसऱ्या मतानुसार स्वतंत्र खेळावर मागाहून होमवर्ल्डचा शिक्का बसला. कागदावरचा क्रम पाहता दुसरे मत अधिक धरून आहे. तथापि खेळ हाताळताना जुन्या सांगाड्यांवर स्फोटके लावून ते उघडणे व आतला माल वाहून आणणे हा भाग कथेला चिकटवल्यासारखा वाटत नाही, हेही नोंदवले पाहिजे.

नावे : खराक हे नाव ऐकून मराठी वाचकाला खडक किंवा खारीक आठवेल, त्यात ध्वनिसाम्यापलीकडे काही शोधू नये. भूवाहकांच्या नावांचे तसे नाही. कापिशी हे हिंदुकुशच्या दक्षिणेस, आजच्या बेग्रामजवळचे प्राचीन नगर. पाणिनीच्या सूत्रात (४.२.९९) ते येते, व तेथील ‘कापिशायन’ मद्य संस्कृत वाङ्मयात प्रसिद्ध आहे. युक्रॅटिडीझ ह्या ग्रीक राजाच्या नाण्यांवर खरोष्ठी लिपीत ‘कविसिये नगर देवता’, म्हणजे कापिशीची नगरदेवता, अशी अक्षरे आहेत. ‘कपिसी’ हे एकटेच नाव असते तर योगायोग म्हणून सोडून देता आले असते. परंतु संघाच्या दुसऱ्या भूवाहकाचे नाव ‘सकाला’ आहे, आणि शाकल ही मद्र देशाची व पुढे मिनँडरची (मिलिंदपञ्ह ह्या पाली ग्रंथातील मिलिंद) राजधानी, म्हणजे आजच्या सियालकोटचा परिसर. इंडो-ग्रीक इतिहासातील दोन नगरे एकाच ताफ्यात शेजारी यावीत, ह्यावरून नावे नकाशा किंवा नाणेशास्त्राचे पुस्तक समोर ठेवून निवडली असावीत असे मानण्याकडे कल होतो. वाळवंटातून मार्ग काढणाऱ्या फिरत्या नगरांना उद्ध्वस्त नगरांची नावे शोभतात. कथेत मात्र ह्या इतिहासाचा काहीही उपयोग केलेला नाही.

खेळण्याची रीत : १९९९ च्या खेळाची कीर्ती त्रिमितीय हालचालीमुळे झाली, ताफा वर, खाली, कुठेही वळवता येई. जमिनीवर आल्यावर ते गेले, आणि जुन्या खेळाडूंची पहिली तक्रार तीच होती. तिसरी मिती येथे वाळूच्या टेकड्यांनी भरून काढली आहे. मध्ये टेकडी आली की गोळी तिच्यातच रुतते; उंचावरून केलेला मारा जास्त लागतो. त्यामुळे हलक्या गाड्या पुढे पाठवून शत्रूला घळीत ओढावे, रेलगन, म्हणजे विद्युतचुंबकीय बळाने गोळी लांबवर फेकणारी तोफ, बसवलेल्या गाड्या मागच्या कड्यावर रांगेत उभ्या कराव्यात, हा सर्वांना लवकरच सुचणारा डाव. चिलखती गाड्या हलक्या गाड्यांना भारी, रेलगन चिलखती गाड्यांना भारी, आणि हलक्या गाड्या रेलगनच्या जवळ पोचल्या की रेलगन संपली. गाल्सिएनांची बरीच वाहने जमिनीला न टेकता तरंगत येतात, संघाची चाकांवर व पट्ट्यांवर धावतात, आणि त्यांच्यामागे वाळूत चाकोऱ्या उमटतात. स्पेसबार दाबला की सारे रणांगण नकाशासारखे रेषांचे होते. ही सोय थेट मूळ खेळातून घेतली आहे.

भूवाहक हेच मुख्यालय, कारखाना व विमानतळ; ते गेले की खेळ संपला. त्याची ऊर्जा चिलखत, मारा व दुरुस्ती ह्यांत वाटता येते, पण जास्त वळवली की ते तापते आणि उष्णतेनेच त्याची हानी होऊ लागते. सांगाड्यांतून मिळालेल्या काही प्राचीन वस्तू बसवून त्याची ताकद वाढवता येते. एका प्रकरणात वाचलेल्या गाड्या पुढच्या प्रकरणात अनुभवासह येतात. म्हणून चौथ्या-पाचव्या प्रकरणापासूनची जुनी रेलगन अकराव्यात निष्काळजीपणाने गमावणे जिवाला लागते. नवी बांधता येते, पण ती कोरी असते.

अनेक खेळाडूंचा ऑनलाइन सामनाही आहे, व त्यासाठी सोबान आणि खानेफ ह्या कुळांचे ताफे नंतर वेगळे विकले गेले.

संगीत व स्वागत : संगीत मूळ खेळाचेच पॉल रस्के ह्यांचे आहे. आघाडीवरच्या चालकांचे रेडिओवरील शांत, कामापुरते बोलणे हा ह्या मालिकेचा स्वभाव येथेही टिकला आहे. समीक्षकांनी दृश्ये व वातावरण वाखाणले; मोहीम आखूड असल्याची तक्रार मात्र वारंवार झाली, आणि ती रास्त आहे. अंतराळाविना होमवर्ल्ड कसा, ही शंका प्रकाशनापूर्वी मोठी होती, नंतर ओसरली.

ब्लॅकबर्डने पुढे होमवर्ल्ड ३ (मे २०२४) केला व मालिका पुन्हा अंतराळात नेली. सांगाडे फोडण्याची जुनी कल्पना आणि ‘शिपब्रेकर’ हा शब्द मात्र त्यांच्या ‘हार्डस्पेस : शिपब्रेकर’ ह्या वेगळ्या खेळात निघाला. त्यात युद्ध नाही. कर्जबाजारी कामगार कटर घेऊन जुनी याने कापतो.