सीटखालचा व्यापार

उन्हाळ्याच्या सुट्टीत कोथरूडचं एखादं कुटुंब आठवडाभर सिंगापूरला जाऊन येतं. हॉटेल, टॅक्सी, सेंटोसा या सहलीच्या बेटाची तिकिटं यांवर ते जे पैसे घालवतात, ते सिंगापूरच्या खात्यात ‘सेवांची निर्यात’ म्हणून जमा होतात. चाकणची मोटार परदेशी गेली की आपली निर्यात. पर्यटनात माल जागचा हलत नाही, गिऱ्हाईकच चालत येतं. आपल्या बाजूला हाच खर्च आयात ठरतो. २०२३-२४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत विप्रेषण योजनेतून, म्हणजे व्यक्तींना परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या सवलतीतून, भारतीयांनी प्रवासापोटी सुमारे १७ अब्ज डॉलर बाहेर पाठवले.

पण आलेला सगळा पैसा तिथं टिकत नाही. सिंगापूर ९० टक्क्यांहून जास्त अन्न बाहेरून आणतं. हॉटेलातलं सकाळचं ऑम्लेट घ्या. अंडी बहुधा मलेशियाची, गॅस आयातीचा, कांदा कदाचित आपल्या नाशिकचाच! आचारी रोज शेजारच्या मलेशियातल्या जोहोरहून पूल ओलांडून येत असेल, तर त्याचा पगारही बराचसा परत पलीकडे जातो. देशात उरतं जागेचं भाडं, मालकाचा नफा आणि ९ टक्के जीएसटी. अर्थशास्त्रज्ञ याला गळती म्हणतात.

२०१९ मध्ये सिंगापूरला १ कोटी ९१ लाख परदेशी पाहुणे आले. २०२० मध्ये जेमतेम २७ लाख. तरी अर्थव्यवस्था आक्रसली ती चार टक्क्यांच्या आसपास, कारण बंदर आणि चिपचे कारखाने चालू होते. पर्यटनावरच जगणाऱ्या मालदीवचं उत्पन्न त्याच वर्षी सुमारे एक तृतीयांशाने घसरलं.

यावरून व्यापारी देशाला पर्यटन म्हणजे वरकमाई, असा निष्कर्ष काढला जातो. मला तो घाईचा वाटतो. कोविडपूर्वी जगातला जवळपास निम्मा हवाई माल प्रवासी विमानांच्या पोटातून जायचा. पर्यटकाच्या पायाखाली औषधं, चिप, मासळी असायची. २०२०च्या वसंतात प्रवासी थांबले, तशी ही जागाही गेली आणि मालवाहतुकीचे दर भडकले. काही कंपन्यांनी तर खुर्च्या काढून केबिनमध्येच खोकी भरली.

लोहगावहून थेट परदेशी विमानं हवीत, ही पुणेकरांची मागणी जुनीच. तिच्यामागे सहलीची हौस आहे, एवढंच बहुतेकांना दिसतं. पण सुट्टीवाल्यांनी खुर्च्या भरल्या तरच रोजचं विमान कंपनीला परवडतं, आणि मावळातल्या गुलाबाला किंवा पिंपरीतल्या सुट्या भागांच्या तातडीच्या खोक्याला रोजचंच विमान लागतं.